सम्राटाची करंगळी

इतिहासाच्या पुस्तकांतून राजेमहाराजांच्या लढाया, तह आणि सनावळ्या आपण पाठ करतो. परंतु त्या राजांना रात्री झोप लागत होती का, घोड्यावर चढताना त्यांचा पाय दुखत होता का, असले प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाहीत. सोळाव्या शतकातील सम्राट पाचवा चार्ल्स याच्याबाबतीत मात्र हा प्रश्न टाळून चालत नाही. युरोपचा मोठा भाग आणि अमेरिकेतील नव्याने जिंकलेले विस्तीर्ण प्रदेश ज्याच्या सत्तेखाली होते, तो हा पुरुष आयुष्याची अखेरची तीस वर्षे एका दुखण्याशी झुंजत होता. त्या दुखण्याचे नाव गाऊट. चरकसंहितेत वातरक्त नावाच्या विकाराचे जे वर्णन आहे, ते याच्याशी बरेच जुळते. तेथे त्याला आढ्यवात असेही एक नाव दिले आहे. आढ्य म्हणजे धनवान. युरोपातही याला राजांचा रोग म्हणत. खाऊनपिऊन सुखी असलेल्यांनाच तो होतो, ही समजूत दोन्हीकडे सारखीच. ती कितपत खरी आहे, हे चार्ल्सच्या चरित्रावरून चांगले ध्यानात येते.

चार्ल्सचा जन्म २४ फेब्रुवारी १५०० रोजी आजच्या बेल्जियममधील गेंट या शहरी झाला. कोलंबसाला सागरसफरीवर धाडणारे फर्डिनंड आणि इझाबेला हे त्याच्या आईचे मातापिता, तर सम्राट मॅक्सिमिलियन हा त्याच्या वडिलांचा पिता. त्यामुळे तलवार न उपसताच वारसाहक्काने राज्यांमागून राज्ये त्याच्या पदरात पडत गेली. १५१६ मध्ये तो स्पेनचा राजा झाला आणि १५१९ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट म्हणून निवडला गेला. १५२१ मध्ये वर्म्स येथील सभेत मार्टिन ल्यूथर त्याच्यापुढे उभा राहिला, आणि धर्माचा जो तंटा तेथे पेटला तो त्याला जन्मभर पुरला. १५२५ मध्ये पाव्हियाच्या लढाईत त्याच्या सैन्याने फ्रान्सच्या राजालाच कैद केले. पुढच्याच वर्षी पोर्तुगालची राजकन्या इझाबेला हिच्याशी त्याचा विवाह झाला. गोवा पोर्तुगीजांनी घेतला तो हिच्याच पित्याच्या, राजा मॅन्युएलच्या, कारकिर्दीत. म्हणजे आपल्या कोकणपट्टीचा इतिहास या कथेपासून वाटतो तितका दूर नाही.

भाग्य असे शिखरावर असताना, १५२८ च्या सुमारास, अठ्ठावीस वर्षांच्या या तरुण राजाला गाऊटचा पहिला झटका आला. हा आजार बहुतेक वेळा चोरपावलांनी येतो. माणूस रात्री धडधाकट झोपतो आणि पहाटे पायाच्या अंगठ्याच्या कळीने जागा होतो. सांधा लाल होतो, सुजतो, तापतो; अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. मात्र आठपंधरा दिवसांत, कधी औषधाशिवायसुद्धा, सारे ओसरते आणि माणूस पूर्ववत चालू लागतो. या रोगाचा खरा धोका येथेच आहे. दुखणे गेले म्हणजे रोग गेला, असे रोग्याला वाटते. चार्ल्सलाही तसेच वाटले असल्यास नवल नाही. कारण तो पुन्हा घोड्यावर बसला, पुन्हा मोहिमांवर गेला आणि पुन्हा ताटावर बसला.

त्याच्या ताटाविषयी समकालीनांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. हॅब्सबर्ग घराण्याची पुढे आलेली हनुवटी त्याच्या वाट्याला आली होती. वरचे व खालचे दात नीट जुळत नसल्याने अन्न धड चावता येत नसे; तरीही तऱ्हेतऱ्हेचे मांस, कालवे, वाम, खारवलेले मासे यांची त्याला विलक्षण आवड होती आणि थंडगार बिअर तो मुबलक पीत असे. वैद्य विनवीत, पापगुरू समजावीत. पण ज्याचा शब्द अनेक देशांत कायदा होता, त्याला जेवणाच्या मेजावर अडवणार कोण?

वैद्य काही साधे नव्हते. मानवी शरीररचनेवरील आपला युगप्रवर्तक ग्रंथ १५४३ मध्ये चार्ल्सला अर्पण करणारा आंद्रेआस व्हेसालियस हा त्याच्या पदरी होता. त्या काळी पूर्वेकडून आलेल्या एका मुळीचा युरोपात मोठा बोलबाला झाला होता. ही मुळी म्हणजे आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातील चोपचीनी. चार्ल्सने तिचा काढा घेतला आणि व्हेसालियसने १५४६ मध्ये त्या काढ्यावर एक स्वतंत्र पत्ररूप पुस्तिका प्रसिद्ध केली. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये तेथेच छापलेल्या आपल्या ग्रंथातही या मुळीला एक प्रकरण दिले आहे. पण चोपचीनी असो वा अन्य काढे, सम्राटाचे सांधे काही मोकळे झाले नाहीत. झटके जवळजवळ येऊ लागले. पायांपाठोपाठ हातही धरले गेले.

येथून पुढे त्याच्या राजकारणात गाऊट हा जणू एक अदृश्य शत्रू होऊन बसला. २४ एप्रिल १५४७ रोजी म्यूलबर्गच्या रणांगणावर त्याने जर्मन प्रॉटेस्टंट सरदारांचा पराभव केला. या विजयाचे टिशियनने १५४८ मध्ये रंगवलेले चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. चिलखत घातलेला, हाती भाला घेतलेला, घोड्यावर ताठ बसलेला सम्राट त्यात दिसतो. त्याच वर्षीचे, टिशियनच्याच नावावर असलेले दुसरे चित्र म्युनिकमध्ये आहे. तेथे काळ्या वस्त्रांतील तोच सम्राट खुर्चीत बसून आहे. चेहरा थकलेला, वयाच्या मानाने वृद्ध. पहिले चित्र जगासाठी होते. दुसऱ्यातला माणूस बहुधा अधिक खरा होता.

मे १५५२ मध्ये सॅक्सनीच्या मॉरिसने दगा देऊन चाल केली, तेव्हा इन्सब्रुकहून सम्राटाला रातोरात पळ काढावा लागला. घोड्यावर बसणे शक्य नव्हते. पालखीसारख्या डोलीत घालून त्याला आल्प्सच्या खिंडीतून व्हिलाखपर्यंत नेण्यात आले. त्याच वर्षी मेट्झ शहराला त्याच्या सैन्याने वेढा घातला. पण गाऊटने वाटेतच गाठल्यामुळे स्वतः सम्राटाला छावणीत पोहोचायला नोव्हेंबर उजाडला. हिवाळा, रोगराई आणि उपासमार यांनी सैन्य खचले व जानेवारी १५५३ मध्ये वेढा उठवावा लागला. सारे अपयश एका सांध्याच्या माथी मारणे हे इतिहासाला धरून होणार नाही. तिजोरी रिती होती, शत्रू अनेक होते, धर्मकलह मिटत नव्हता. परंतु निर्णय घ्यायचा तो माणूसच आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळलेला असेल, तर राज्याचा गाडाही तेथेच थांबतो, हेही तितकेच खरे.

अखेर २५ ऑक्टोबर १५५५ रोजी ब्रुसेल्सच्या राजवाड्यात त्याने भरसभेत सत्तात्यागाला सुरुवात केली. एका हातात काठी आणि दुसरा हात तरुण विल्यम ऑफ ऑरेंजच्या खांद्यावर, अशा स्थितीत पंचावन्न वर्षांचा सम्राट सभागृहात आला. आपण जर्मनीत नऊ वेळा, स्पेनमध्ये सहा वेळा, इटलीत सात वेळा आणि नेदरलंड्समध्ये दहा वेळा प्रवास केल्याचा हिशेब त्याने सभेला दिला. आता ते शरीर राहिले नाही, ही कबुलीही दिली. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. नेदरलंड्स आणि पाठोपाठ स्पेन त्याने आपला पुत्र दुसरा फिलिप याच्या स्वाधीन केले; साम्राज्यपद बंधू फर्डिनंडकडे गेले.

उरलेले दिवस काढण्यासाठी त्याने स्पेनमधील युस्ते येथील मठाची जागा निवडली. वाटेतील डोंगर त्याने माणसांच्या खांद्यांवरून ओलांडला. ३ फेब्रुवारी १५५७ रोजी तो युस्तेला पोहोचला. मठाला लागून बांधलेल्या त्या लहानशा वास्तूत पायऱ्या टाळण्यासाठी उतरण केलेली होती, आणि निजल्या जागेवरून वेदी दिसेल अशी शय्यागृहाची रचना होती. पाय उचलून ठेवता येतील अशी खुर्ची होती. मन रमवायला घड्याळे होती व ती सांभाळणारा हुआनेलो तुरियानो हा कुशल कारागीर होता. राजमुकुट सुटला, पण जिभेचे बंधन सुटले नाही. बिअर तयार करणारा माणूस त्याने सोबत आणला होता, आणि कालवे, वाम, खारे मासे त्या दुर्गम मठातही येत राहिले. २१ सप्टेंबर १५५८ रोजी तापाने त्याचा अंत झाला.

चरित्र येथे संपायचे. पण चार्ल्सच्या बाबतीत ते संपले नाही. एकोणिसाव्या शतकात त्याची शवपेटी उघडली गेली तेव्हा कोणीतरी त्याच्या करंगळीचे टोक काढून घेतले. पुढे ते परत मिळाले आणि एस्कोरियलच्या मठात एका लहान पेटीत जपले गेले. बार्सिलोनाच्या वैद्यकीय संशोधकांनी या पेरावर सूक्ष्मदर्शक लावला आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सांध्यात यूरिक आम्लाच्या सुईसारख्या स्फटिकांचा मोठा साठा आढळला. त्याने हाडही पोखरले होते. साडेचारशे वर्षांनंतर सम्राटाच्या रोगाचे निदान असे निर्विवाद झाले. त्याच बोटात पुढे हिवतापाचे जंतूही आढळले, आणि अखेरच्या तापाचाही उलगडा झाला.

या स्फटिकांची कहाणी चार्ल्सच्या वैद्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. यूरिक आम्लाचा शोध शेले याने १७७६ मध्ये लावला, आणि गाऊटच्या रोग्याच्या रक्तात ते वाढलेले असते हे इंग्लंडच्या गॅरड याने १८४८ मध्ये दाखविले. शरीरातील पेशींच्या व अन्नाच्या विघटनातून हे आम्ल तयार होते आणि ते बाहेर टाकण्याचे मुख्य काम मूत्रपिंडांचे. ते काम मंदावले की रक्तातील प्रमाण वाढते आणि सांध्यांत स्फटिक साचू लागतात. मूत्रपिंडांचा हा मंदपणा पुष्कळदा आनुवंशिक असतो. दुसऱ्या फिलिपलाही गाऊटने गाठले आणि म्हातारपणी खास खुर्चीत बसवून न्यावे लागले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणजे बाप खादाड म्हणून रोगी आणि लेकही तसाच, असा सोपा न्याय येथे चालत नाही. मांस, सागरी कालवे आणि बिअर रोग वाढवितात यात शंका नाही. परंतु केवळ पथ्याने आम्लाचे प्रमाण थोडेच उतरते. आपल्या घरातल्या एखाद्या काकांचा अंगठा सुजला की चेष्टेने त्यांच्या ताटाकडे बोट दाखविणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. साध्या वरणभातावर राहणाऱ्यालाही गाऊट होऊ शकतो.

झटका आणि रोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आता वैद्यकाला उमगले आहे. झटक्याची आग विझविण्याची औषधे निराळी. त्यांतले कोल्चिसिन हे ज्या वनस्पतिकुळातून मिळते, त्यातलेच युनानी वैद्यांचे सुरंजान. साठा विरघळविण्याची औषधे निराळी. अ‍ॅलोप्युरिनॉल हे त्यांतले प्रमुख औषध १९६० च्या दशकात वापरात आले, आणि ज्या संशोधनातून ते निघाले त्यासाठी गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. रक्तातील यूरिक आम्ल दर डेसिलिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली सतत राहिले, तर साचलेले स्फटिक हळूहळू विरघळतात. त्याला महिने, कधी वर्षेही लागतात. आरंभी झटके वाढल्यासारखे वाटतात आणि नेमके तेव्हाच लोक औषध सोडतात. दुसरे काही जण बरे वाटले म्हणून सोडतात. दोघेही चार्ल्सच्याच वाटेने जातात. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध चालू ठेवणे, रक्त वेळोवेळी तपासणे, वजन आटोक्यात ठेवणे, पाणी पुरेसे पिणे, हे सारे दुखत नसताना करावयाचे असते.

तीस वर्षांत चार्ल्सला अशा वेदनारहित दिवसांची दौलत पुष्कळ मिळाली होती. पण त्या दिवसांत काय करावे हे त्याला कोणी सांगू शकत नव्हते. त्याच्यापाशी साम्राज्य होते, परंतु आज तालुक्याच्या गावी मिळणारी साधी गोळी नव्हती. आपल्यापाशी ती आहे. ती नियमाने घ्यायची की नाही, एवढाच निर्णय आपल्या हाती उरला आहे.