वसतिगृहांच्या भिंतींआड दडलेले मोल

कार्तिक महिना, १८९९. पंचगंगेवर स्नानासाठी गेलेले कोल्हापूरचे पंचविशीतले महाराज क्षत्रिय म्हणून वेदोक्ताचे अधिकारी; परंतु राजपुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत होता. राजारामशास्त्री भागवतांनी ही बाब लक्षात आणून दिली. मंत्रामागे निवाडा होता : तुम्ही शूद्र. गादीवर बसलेल्यालाही जन्मावरून हीन ठरवता येते, तर खेड्यातून शिकायला आलेल्या पोराची काय कथा?

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. राजकोट व धारवाड येथील शिक्षण संपवून त्यांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींसाठी वसतिगृह काढले, पण काही वर्षांतच तेथे केवळ ब्राह्मण विद्यार्थी उरले. दार उघडे असले, तरी पंगतीत आणि पाणवठ्यावर हिणवले जाणारा मुलगा तेथे टिकणार कसा? वर्गातील अपमान सोसून परतल्यावर त्याला ताठ मानेने बसता येईल, असे छप्पर हवे होते.

म्हणून १९०१ मध्ये मराठा व जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी राहिली. मुस्लिम समाज शिक्षणात मागे होता. पुढारी पुढे येईनात, तेव्हा १९०६ मध्ये महाराजांनी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापून अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. लिंगायतांचे वसतिगृह १९०७ मध्ये निघाले, तर अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहांनी जातिभेद पक्का होईल, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो निराधार नव्हता. मात्र एकत्र राहण्याचा प्रयोग आधी फसला होता, हे आक्षेपकांनी सोयीस्करपणे विसरू नये.

शाळेचा प्रश्न वेगळा होता. तेथे स्वतंत्र वर्ग म्हणजे रोजचा कलंक. म्हणूनच १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम निघाला. त्याआधी, १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड या जातींची रोजची हजेरी रद्द झाली होती. गुन्हा न करताच गुन्हेगार ठरलेल्या घरांतील तरुणांचा तो मोठा जाच होता.

मुंबईत ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते. दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आजही उभे आहे.