विल्सबाईंचा शोध आणि मातेचे ताट

भिवंडीच्या गल्लीबोळांतून यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र कानी पडतो. तेथील गर्भवतींना सरकारी दवाखान्यातून लोह आणि फोलिक आम्लाची जी गोळी मिळते, तिचा उगम जवळच्याच मुंबईतील गिरणीकामगार स्त्रियांच्या दुखण्यात आहे. तो शोधणाऱ्या डॉक्टर म्हणजे लूसी विल्स.

१० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळ जन्मलेल्या विल्सबाईंनी केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्राचे अध्ययन केले आणि १९२० मध्ये लंडनमध्ये वैद्यकीय पदवी मिळवली. १९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. गिरण्यांतील गरीब स्त्रियांना गरोदरपणी जडणारा तीव्र रक्तक्षय हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. या रोगात तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होत आणि अनेक माता दगावत. जंतूंचा संशय फोल ठरला. दोष निघाला तो आहाराचा. प्राण्यांवरील प्रयोगांनंतर यीस्टपासून बनवलेला मार्माईट हा स्वस्त पदार्थ रुग्णांना देताच त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातील अज्ञात घटक म्हणजेच फोलेट. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा करण्यात आला.

२६ एप्रिल १९६४ रोजी बाईंचे निधन झाले. त्यांच्या शोधाचा दुसरा अध्याय मात्र पुण्यात लिहिला गेला. फोलेट व ब-१२ ही जीवनसत्त्वे मिळून शरीराला मिथाइल गट पुरवतात. हे गट डीएनएवर बसून कोणती जनुके जागी राहतील आणि कोणती निद्रिस्त, हे ठरवण्यास हातभार लावतात. जनुकांची अक्षरे न बदलता त्यांच्या कार्यात होणारा हा बदल म्हणजे एपिजेनेटिक्स. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ज्या मातांत फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला, असे २००८ मध्ये जाहीर झाले. पुढील मधुमेहाची ती चाहूल असू शकते.

म्हणून गोळी सोडावी, असा याचा अर्थ मुळीच नाही; फोलेटने अर्भकांच्या मज्जारज्जूतील व्यंगेही टळतात. परंतु त्या गोळीत ब-१२ नसते. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच यावे लागते. मातेच्या ताटात काय पडते, हा प्रश्न विल्सबाईंनी गिरणगावात विचारला होता. भिवंडीच्या मागवाल्यांच्या वस्तीतही तो तितकाच खरा आहे.