व्यंगचित्रकार सर डेव्हिड लो

ज्यास अग्रलेख वाचण्यास सवड नसते, तोही व्यंगचित्रावर नजर टाकल्यावाचून वर्तमानपत्र मिटत नाही. राष्ट्राराष्ट्रांमधील डावपेच या वाटेने सामान्य जनांपर्यंत पोचविणाऱ्यांत डेव्हिड लो यांस आम्ही अग्रस्थान देतो.

त्यांचा जन्म १८९१ साली न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे झाला. सिडनीच्या 'बुलेटिन' पत्रात नाव मिळवून ते १९१९ साली लंडनास गेले व १९२७ पासून 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये चित्रे काढू लागले. पत्राचे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक हुजूर पक्षाचे, लो डाव्या मतांचे; तरीही मनास पटेल तेच काढण्याची मुभा त्यांनी करारातच मिळविली होती. असा मालक आणि असा चाकर, दोन्ही विरळाच!

हुकूमशहास राक्षस म्हणून रंगविले तर तो मनातून सुखावतो. लोकांनी भ्यावे हेच त्यास हवे असते. मूर्ख ठरविले की मात्र तो चवताळतो. हे मर्म लो यांनी ओळखले होते. १९३७ साली ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीस गेले असता गोबेल्सने या चित्रांविषयी गाऱ्हाणे केले. परतल्यावर हॅलिफॅक्स लो यांस भेटले. शांततेचा प्रश्न पुढे आल्यामुळे लो यांनी काही काळ हात आवरता घेतला आणि हिटलर-मुसोलिनी यांच्या मिश्रणाचे एक कल्पित पात्र आणले. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला गेला व तो संयम संपला. मंत्र्याच्या शब्दाला मान देणे हा आम्हांस दोष वाटत नाही. परंतु त्या अवधीत जनतेस सावध करणारी एक लेखणी बोथट झाली, हेही खरेच.

त्यांचे अतिप्रसिद्ध चित्र २० सप्टेंबर १९३९ चे. हाडवैरी म्हणविणाऱ्या हिटलर व स्टॅलिन यांनी ऑगस्टात करार केला, सप्टेंबरात दोघांची सैन्ये पोलंडात शिरली. चित्रात भुईवर प्रेत पडले आहे आणि त्याच्या दोन बाजूंस उभे राहून, टोप्या उचलून, कमरेत लवून हे दोघे अत्यंत अदबीने परस्परांस शिव्या देत आहेत! हाच विषय वर्गात शिकवावयाचा तर नकाशा टांगून आमचा अख्खा तास खर्ची पडता.

म्हैसुरात बालवयातील आर. के. लक्ष्मण लो यांची चित्रे 'हिंदू' पत्रात न्याहाळीत आणि त्यांची सही 'काऊ' अशी वाचीत. पुढे हेच लक्ष्मण मुंबईत नामांकित झाले.

युद्धानंतर उजेडात आलेल्या, ब्रिटन जिंकल्यावर अटक करावयाच्या व्यक्तींच्या नाझी यादीत लो यांचे नाव होते. १९६२ साली त्यांस 'सर' हा किताब मिळाला आणि १९ सप्टेंबर १९६३ रोजी लंडन येथे ते निवर्तले.