महर्षी अण्णासाहेब कर्वे आणि मिटलेले दार

ज्या पुरुषामुळे आपल्या मुरुडचे नाव दूरवर पोहोचले, त्याच पुरुषाला या गावाने एके काळी स्वतःच्या घरात राहू दिले नाही. स्मरणिकेत गौरवपर लेख नेहमीच येतात. यंदा हा कटु प्रसंगही नमूद व्हावा, असे आम्हांस वाटते.

धोंडो केशव तथा अण्णासाहेब कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी झाला. बालपण मुरुडास गेले. गावाच्या उन्नतीसाठी त्यांनी १८८६ साली मुरुड फंड काढला. पुढे ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. प्रथम पत्नी राधाबाई १८९१ साली निवर्तल्यावर त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. ही वार्ता मुरुडास पोहोचताच आपल्याच ज्ञातिबांधवांनी बहिष्कार पुकारला. अण्णांना घरात घेतल्यास ते घरही वाळीत पडावयाचे! घरच्या माणसांनाही त्यांना आसरा देणे अशक्य झाले.

१८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापिला. पुढल्याच वर्षी शहरात प्लेगने थैमान घातले. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या व उंदरांचा सुळसुळाट असे, तेथे हा रोग झपाट्याने फैलावे. आश्रमातील विधवांना एकीकडे लोकांचा रोष, तर दुसरीकडे रोगाचे भय. अशा वेळी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहराबाहेर हिंगणे येथे सहा एकर जमीन व साडेसातशे रुपये दिले. १९०० साली त्या माळावर झोपडी उभी राहिली आणि आश्रमास मोकळी हवा लाभली.

अण्णांपाशी विद्या होती, मित्र होते, दाताही भेटला. परंतु गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या बांधवांपाशी यांपैकी काय होते? पाणवठा बंद, घर कोंदट. पटकी व क्षय तेथे आधी शिरत, वैद्य मात्र शेवटी पोहोचे. अमेरिकेतही १९३० नंतर नकाशावर लाल रेघा ओढून कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना गृहकर्जे नाकारण्यात आली. अशा वस्त्यांत दम्याचा विकार आजही अधिक आढळतो. जागा नाकारणे म्हणजे पर्यायाने आरोग्य नाकारणेच होय.

हे जाणूनच की काय, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, १९४४ साली, अण्णांनी जातिभेद निवारणार्थ समता संघ काढला. १९५८ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते कैलासवासी झाले.

आज आपल्यापैकी कित्येकांच्या पुण्यामुंबईस भाड्याने देण्याजोग्या जागा आहेत. भाडेकरूचे आडनाव ऐकून दार लावण्यापूर्वी मुरुडच्या त्या मिटलेल्या दाराचे स्मरण व्हावे, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस नम्र विनंती आहे.