कोहिनूरपेक्षा मोठा हिरा आणि परळचं हॉस्पिटल

कोहिनूर तुम्हाला माहीत आहे. पण त्याच्या दुपटीहून जास्त वजनाचा हिरा एका भारतीय बाईच्या गळ्यात होता, हे माहीत आहे? त्याचं नाव जुबिली, वजन २४५.३५ कॅरेट. आणि त्या बाईचं नाव मेहरबाई टाटा. आपल्याकडे घरात कुणाला कॅन्सर निघाला की पहिला शब्द येतो 'टाटा'. त्या शब्दामागे ही बाई आहे.

मेहरबाईंचा जन्म १८७९ चा. माहेरचं आडनाव भाभा. वडील होर्मसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. १८९८ मध्ये जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. तारीख १४ फेब्रुवारी! त्या अठरा वर्षांच्या, दोराबजी अडतीसचे.

श्रीमंताघरची सून म्हणून त्या घरात बसून राहिल्या असतील असं वाटत असेल, तर थांबा. त्या साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि बक्षिसं जिंकायच्या. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मिश्र दुहेरीत त्यांचं नाव होतं. बालविवाहाविरुद्ध त्या १९२७ मध्ये थेट अमेरिकेत जाऊन बोलल्या. दोन वर्षांनी शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचं वय किमान १४ ठरलं. आज आपल्याला १४ सुद्धा धक्कादायक वाटतं, पण तेव्हा तेवढ्यासाठीही भांडावं लागत होतं.

आता हिऱ्याची गोष्ट. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना पार अडचणीत आला. कामगारांच्या पगाराला पैसे नव्हते. तेव्हा दोराबजींनी स्वतःची सगळी मालमत्ता इम्पिरियल बँकेकडे गहाण ठेवली. त्यात मेहरबाईंचा जुबिलीही होता. पगार झाले, कारखाना वाचला.

पण मेहरबाई वाचल्या नाहीत. त्यांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला. तेव्हा त्यावर खात्रीचं औषध जगात कुठेच नव्हतं. १८ जून १९३१ रोजी वेल्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं ५१. पैसा, ओळखी, परदेशातले डॉक्टर, सगळं होतं, तरी उपयोग झाला नाही. दोराबजींनी आपली संपत्ती ट्रस्टला दिली, ल्युकेमियाच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावाने वेगळा ट्रस्ट काढला आणि वर्षभरात तेही गेले. पुढे हिरा विकला गेला, पैसे ट्रस्टमध्ये आले. त्याच ट्रस्टमधून २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं.

पुढचा ट्विस्ट बघा. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे मेहरबाईंचे सख्खे भाचे, त्या त्यांच्या आत्या. १९६२ मध्ये हे हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे आलं, तेव्हा त्या खात्याचे प्रमुख होमी भाभाच होते. कॅन्सर हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे कशाला? कारण रेडिएशन. ज्याला आपल्याकडे 'शेक देणे' किंवा 'लाईट देणे' म्हणतात, ते हेच.

रक्ताच्या कॅन्सरवर मुख्य उपचार औषधांचा. पण गाठ असलेल्या बऱ्याच कॅन्सरमध्ये रेडिएशन लागतं. अडचण अशी की गाठ एका जागी राहत नाही. श्वास घेतला की फुप्फुसातली गाठ हलते. लघवीची पिशवी भरली की आजूबाजूचे अवयव सरकतात. पूर्वी शरीरावर खुणा करून अंदाजाने जास्त भागावर किरण द्यावे लागायचे, त्यात चांगला भागही भाजायचा. आता 'इमेज गायडेड' तंत्रात मशीनवर झोपवल्यावर आधी स्कॅन होतो, ठरवलेल्या चित्राशी तो जुळवतात, टेबल काही मिलिमीटर सरकवतात आणि मगच किरण सोडतात.

सोनगीरच्या तांबटाला हंडा मठारताना पाहिलंय? प्रत्येक ठोक्याआधी तो भांडं थोडं फिरवतो, नजर टाकतो, मग हातोडी मारतो. इथेही तसंच आहे, आधी बघायचं, मग मारायचं.

पण ही नजर रोज लागते. बऱ्याचदा आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे. सोनगीरच्या माणसाने तेवढे दिवस मुंबईत राहायचं म्हणजे खोली, जेवण, बुडालेली मजुरी, वाऱ्यावर सोडलेलं शेत. मग थोडं बरं वाटलं की घरचे म्हणतात, चला, आता गावी जाऊ. हे करू नका. मधेच खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात आणि आधीचे शेक वाया जाऊ शकतात. अडचण आली तर हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात जा, राहण्याची आणि मदतीची चौकशी तिथे करता येते. अर्ज भरायला, रांगेत उभं राहायला घरातलं कॉलेजचं पोरगं किंवा पोरगी सोबत असेल तर अर्धं टेन्शन कमी होतं. म्हणजे तुम्ही.

जाता जाता एक गोष्ट. भाभा अणुसंशोधन केंद्राने कोबाल्टवर चालणारं स्वदेशी रेडिएशन मशीन बनवलं, तुलनेने स्वस्त. होमी भाभांवरून त्याचं नाव ठेवलं भाभाट्रॉन. ज्या बाईला कॅन्सरने नेलं, तिच्या माहेरचं आडनाव आज कॅन्सरशी लढणाऱ्या मशीनवर आहे.