अनडू बटण नसलेला दिग्दर्शक: रुडॉल्फ कार्टिअर

कोडमध्ये चूक झाली की आपण कंट्रोल-झेड दाबतो. चूक प्रॉडक्शनवर गेलीच, तर थोडी बोलणी खाऊन आधीच्या व्हर्जनवर परत येतो. आता विचार करा, जवळपास दोन तास सलग काम चालणार आहे, लाखो लोक ते त्याच क्षणी बघताहेत आणि मागे जायची सोयच नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला टीव्हीवर नाटक करणं म्हणजे हेच होतं. आज ज्यांच्याबद्दल वाचणार आहोत त्या रुडॉल्फ कार्टिअर यांनी या अडचणीतूनच टीव्हीला मोठं केलं.

व्हिएन्ना ते लंडन

कार्टिअर यांचा जन्म 17 एप्रिल 1904 चा, व्हिएन्नामधला. आधी ते आर्किटेक्चर शिकत होते. मग माक्स राइनहार्ट या मोठ्या नाट्यदिग्दर्शकाकडे नाटक शिकले आणि जर्मनीतल्या उफा या फिल्म कंपनीसाठी पटकथा लिहू लागले. सगळं छान चाललं होतं, पण 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले आणि कार्टिअर ज्यू होते. त्यांनी जर्मनी सोडली. अमेरिकेत जाऊन पाहिलं, तिथे जम बसला नाही. 1935 मध्ये ते ब्रिटनला आले. त्यांची आई मात्र युरोपातच राहिली आणि पुढे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडात मारली गेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1952 मध्ये ते बीबीसीत दाखल झाले. नोकरीसाठी भेटायला गेले तेव्हा त्यांनी नाट्यविभागाचे प्रमुख मायकल बॅरी यांना तोंडावरच सांगितलं की तुमची टीव्हीवरची नाटकं भिकार आहेत. बॅरींनी त्यांना तरीही घेतलं. किंवा कदाचित म्हणूनच घेतलं!

लाइव्ह नाटक चालायचं कसं?

एका मोठ्या स्टुडिओत शेजारीशेजारी सेट लावलेले असायचे. जाडजूड केबल ओढत कॅमेरे एका सेटवरून दुसऱ्या सेटवर जायचे. दिग्दर्शक कंट्रोल रूममध्ये बसून कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जाणार ते सांगायचा. ते चित्र त्याच क्षणी ट्रान्समीटरवरून थेट घराघरांत. व्हिडिओ टेप बाजारात आली तीच 1956 मध्ये, त्यामुळे एडिटिंग वगैरे विषयच नव्हता.

अडचण कुठे यायची? समजा नट एका प्रवेशात ऑफिसात आहे आणि पुढच्या प्रवेशात तुरुंगात, फाटक्या कपड्यांत. मध्ये त्याला धावायला आणि कपडे बदलायला वेळ कुठून आणायचा? यावर एक उपाय होता. काही दृश्यं आधीच फिल्मवर चित्रित करून ठेवायची आणि चालू नाटकात बरोबर त्या जागी सोडायची. फिल्म सुरू असेपर्यंत स्टुडिओतले लोक पुढची तयारी करणार. आपण ज्याला बफर म्हणतो तोच हा प्रकार. पण कार्टिअर यांनी त्याचा वापर नुसता वेळ काढायला केला नाही. बाहेरची खरी ठिकाणं, गर्दी, पडके अवशेष त्यांनी या फिल्ममधून आणले आणि छोट्या पडद्यावरचं नाटक दिवाणखान्याबाहेर काढलं.

जुने कॅमेरे आणि हातमोज्यांचा राक्षस

18 जुलै 1953 ला त्यांची 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' ही सहा भागांची मालिका सुरू झाली. लेखक होते निगेल नील. अंतराळातून परत आलेला माणूस हळूहळू भलत्याच जीवात बदलत जातो, अशी गोष्ट. स्टुडिओ मिळाला अलेक्झांड्रा पॅलेसचा आणि कॅमेरे 1936 सालचे, जुनेपुराणे. पूर्ण मालिकेचं बजेट 4,000 पाउंडांच्याही आत.

शेवटच्या भागात तो राक्षस वेस्टमिन्स्टर अॅबीत दिसायला हवा होता. मग काय केलं? अॅबीच्या आतल्या भागाचा मोठा फोटो लावला, त्याला भोकं पाडली आणि पानंपाचोळा चिकटवलेले हातमोजे घालून खुद्द नील यांनी मागून हात घातले. याच अॅबीतला राणीचा राज्याभिषेक दोनच महिन्यांपूर्वी लोकांनी टीव्हीवर पाहिला होता. त्यामुळे बघणाऱ्यांची चांगलीच तंतरली.

दुर्दैव असं की सहापैकी दोनच भाग जतन झाले. त्या काळी रेकॉर्डिंग म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा ठेवून चित्रण करायचं. दुसऱ्या भागाच्या वेळी तर पडद्यावर एक किडा येऊन बसला, तोही रेकॉर्ड झाला! क्वालिटी समाधानकारक नाही म्हणून पुढचे चार भाग रेकॉर्डच केले नाहीत.

12 डिसेंबर 1954

हा रविवार कार्टिअर यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा दिवस. जॉर्ज ऑर्वेल यांच्या '1984' या कादंबरीचं नाट्यरूपांतर नील यांनी केलं होतं. 22 नट, 28 सेट, आधी चित्रित केलेल्या फिल्म, आणि संगीतसुद्धा शेजारच्या स्टुडिओतून लाइव्ह. मुख्य भूमिकेत पीटर कुशिंग. प्रत्येक माणसावर पाळत ठेवणारी आणि त्याला आतून मोडून टाकणारी राजवट यात आहे. दिग्दर्शकाला ती कल्पनेने उभी करावी लागली नाही, अशाच एका राजवटीपासून तो पळून आला होता.

प्रसारणानंतर गदारोळ झाला. छळाची दृश्यं बघून लोक संतापले, तक्रारी आल्या, ब्रिटिश संसदेत नाटकाच्या विरोधात आणि बाजूने प्रस्ताव मांडले गेले. गुरुवारी नाटक पुन्हा होणार होतं. पुन्हा म्हणजे फाइल प्ले करायची नव्हती, सगळ्यांनी परत येऊन सगळं पहिल्यापासून करायचं. ते रद्द करा अशी मागणी झाली. बीबीसीच्या नियामक मंडळाने थोड्याशा मताधिक्याने परवानगी दिली. 16 डिसेंबरचा प्रयोग सुमारे 70 लाख लोकांनी पाहिला.

इथेच खरी गंमत आहे. रविवारचा प्रयोग रेकॉर्ड झालाच नव्हता. झाला तो गुरुवारचा. म्हणजे मंडळातली थोडी मतं इकडची तिकडे झाली असती, तर जुने कागद जाळून भूतकाळ पुसणाऱ्या राजवटीवरचं हे नाटक स्वतःच पुसलं गेलं असतं.

पुढे

कार्टिअर यांनी बीबीसीसाठी 120 च्या वर निर्मिती केल्या. क्वाटरमासच्या आणखी दोन मालिका केल्या, ऑपेरा केले. 1962 मध्ये वॉर्सातल्या अनाथ ज्यू मुलांसोबत मृत्यूला सामोरे गेलेल्या डॉ. कोर्चाक यांच्यावरचं नाटकही टीव्हीवर आणलं. आईबद्दल लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते यासाठी. 7 जून 1994 ला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

आज आपल्याकडे बॅकअपचे बॅकअप असतात आणि तरी डिप्लॉय करताना पोटात गोळा येतो. कार्टिअर यांच्याकडे होती ती फक्त तालीम आणि घड्याळ. गुरुवारची ती कॉपी आजही बघता येते. चित्र धुरकट आहे, पण पुढच्या वेळी लाइव्ह स्ट्रीम अडकला की वैतागण्याआधी जरूर बघा.