पंचांग आकाशाशी ताडून पाहणारे केरूनाना छत्रे

2023 साली आपल्या सर्वांच्या घरी गणपती आले ते 19 सप्टेंबरला. पण कोकणातल्या काही घरांत त्याच वर्षी गणपती बसले 20 ऑगस्टला, म्हणजे जवळजवळ महिनाभर आधी. ती घरे टिळक पंचांग पाळणारी. या दुसऱ्या तारखेमागे लोकमान्यांचे नाव आहे, पण त्या पंचांगाची खरी मुळे लोकमान्यांच्या गुरूंपर्यंत जातात. ते गुरू म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणत असे. सार्वजनिक गणेशोत्सवामुळे शिष्याचे स्मरण आपल्याला दरवर्षी होते. या अंकात गुरूंची ओळख करून घेऊ.

नानांचा जन्म 1825 च्या सुमारास अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. मुलांसाठी ‘बाळमित्र’ मराठीत आणणारे सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे याच घराण्यातले. नागाव हे समुद्रकाठचे गाव. तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांपर्यंत खाऱ्या पाण्याचा वारा पोचतो. याच किनाऱ्यावर, मुरुडजवळच्या नांदगावात, तीनशे वर्षांपूर्वी गणेश दैवज्ञ होऊन गेले होते. 1520 साली त्यांनी रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून पुढे शतकानुशतके महाराष्ट्रातले ज्योतिषी पंचांगे करीत आले. एकाच किनाऱ्याच्या या दोन माणसांचा संबंध पुढे येणार आहे.

शिक्षणासाठी नाना मुंबईला गेले. तिथे त्यांना आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांच्यासारखा गुरू मिळाला. 1840 च्या सुमारास, वय अवघे पंधरा-सोळा असताना, कुलाब्याच्या वेधशाळेत प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली ते साहाय्यक म्हणून लागले. ईस्ट इंडिया कंपनीने ही वेधशाळा 1826 साली उभारली होती. त्या काळी पृथ्वीचे चुंबकत्व समजून घेण्यासाठी युरोपातल्या शास्त्रज्ञांनी जगभर नोंदी घेण्याचे मोठे काम हाती घेतले होते आणि 1841 पासून कुलाबाही त्या साखळीत आला. लोहचुंबकाची सुई किती ढळली, हवेचा दाब किती, उष्णता किती, हे रात्रंदिवस ठरल्या वेळी पाहून वहीत लिहायचे. काम कंटाळवाणे, पण एक नोंद चुकली तर ती वेळ परत येत नाही. नानांनी तिथे सुमारे दहा वर्षे काढली. जे दिसते ते आधी नीट पाहायचे आणि मग बोलायचे, ही त्यांची सवय इथे पक्की झाली.

अशा वह्यांची किंमत किती असते, याचे एक उदाहरण देतो. 1859 च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाने युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांत गोंधळ उडवला. तोवर नाना कुलाबा सोडून पुण्यास आले होते. पण कुलाब्याची शिस्त मोडली नव्हती. त्या दिवसांतल्या तिथल्या नोंदी आजही शास्त्रज्ञ त्या वादळाचे बळ मोजायला वापरतात.

1851 पासून नाना पुण्यात शिकवू लागले. मुंबई विद्यापीठ निघायला अजून सहा वर्षे होती. म्हणजे पदवी नावाची गोष्ट आपल्याकडे येण्याआधीच ते अध्यापक झाले होते. ज्या पाठशाळेत ते शिकवीत तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. गणित आणि पदार्थविज्ञान हे त्यांचे विषय. शाळांसाठी अंकगणित आणि पदार्थविज्ञान या विषयांवर त्यांनी मराठी पुस्तके लिहिली. ज्ञानप्रसारक सभेत हवा, कालज्ञान, भरती-ओहोटी अशा विषयांवर निबंध वाचले. सूर्यावरचे डाग आणि पृथ्वीवरचे हवामान यांचा काही संबंध असावा, या प्रश्नाचाही त्यांनी विचार केला होता. शास्त्र इंग्रजीत शिकून ते मराठीत सांगायचे म्हणजे एकेका शब्दासाठी अडायचे दिवस होते ते. आपल्या मुलांनी मराठीत शिकावे म्हणून धडपडणाऱ्या सीमाभागातल्या घरांना त्या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

भरती-ओहोटीचा विषय नागावच्या मुलाला जवळचा वाटला असेल तर नवल नाही. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येते आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे कमी पाण्याची. हे कोळ्यांना तिथीवरून तोंडपाठ असते. कारण मात्र आकाशात आहे. चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की त्यांची ओढ एकवटते, काटकोनात आले की एकमेकींना कमी करते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा येतो. आपण चिंताकी-औराद भागातले लोक मांजरेत, तळ्यात किंवा विहिरीत विसर्जन करतो, त्यामुळे हा हिशेब आपल्या कधी कामी येत नाही. मुंबईत मात्र अनंत चतुर्दशीला भरती किती वाजता, हे पाहूनच मोठ्या मूर्ती पाण्यात नेतात. चतुर्दशी पौर्णिमेला लागून असल्याने ती उधाणाची भरती असते. तिथी आणि समुद्र असे एकमेकांशी बांधलेले आहेत. समुद्राचे पाणी तिथीला साक्ष देते, तर पंचांगातल्या ग्रहांना आकाशाने साक्ष का देऊ नये?

नानांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न हाच. ‘ग्रहलाघव’ आपल्या काळी उत्तम ग्रंथ होता. त्रिकोणमितीच्या किचकट आकडेमोडीशिवाय ग्रह काढण्याची सोय त्याने करून दिली. पण गतीच्या आकड्यात थोडी जरी चूक असली तरी तीनशे वर्षांत ती साचत जाते. ग्रहणे सांगितल्या वेळी लागत नव्हती. ग्रह पंचांगात एका जागी तर आकाशात दुसऱ्या जागी दिसत होते. नानांनी युरोपातल्या नव्या गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा मराठी ग्रंथ तयार केला. तो 1860 साली प्रसिद्ध झाला. पाठोपाठ 1865 पासून, आबासाहेब पटवर्धन यांच्या पाठबळाने, या शुद्ध गणिताचे पंचांग निघू लागले. म्हणून त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत.

या सुधारणेत दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिली, ग्रह आकाशात खरोखर जिथे आहे तिथेच पंचांगात दाखवायचा. दुसरी, राशीचक्राचा आरंभ कुठे धरायचा. नानांनी रेवती नक्षत्रातला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा तारा आरंभासाठी धरला. आज बहुतेक पंचांगे चित्रा ताऱ्यावरून आरंभ ठरवतात. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक पडतो आणि चार अंश चालायला सूर्याला चार दिवस लागतात. म्हणूनच टिळक पंचांगात मकर संक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास येते. अधिक महिन्याचेही तसेच. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. 2023 मध्ये अमावास्या संपली 16 ऑगस्टला आणि नेहमीच्या पंचांगाने सूर्य सिंह राशीत गेला 17 ला. एका दिवसाने संक्रांत हुकली, म्हणून श्रावण अधिक ठरला. रेवतीच्या हिशेबाने सूर्य चार दिवस आधीच सिंहेत गेला होता, त्यामुळे तो महिना अधिक नव्हता आणि भाद्रपद लगेच आला.

नानांचे पंचांग घरोघरी गेले नाही. सायन पंचांगाचा आग्रह धरणारे विद्वान एका बाजूला होते, जुने न सोडणारे ज्योतिषी दुसऱ्या बाजूला. सर्वांत मोठी अडचण मात्र साध्या माणसाची होती. एकादशी, श्राद्ध, सण हे एकट्याने करायचे नसतात. शेजारच्या घरी दिवाळी नसताना आपल्याच घरी दिवे कसे लावायचे? गणित बरोबर असले तरी गाव सोडून सण करायला कोणाचे मन धजत नाही.

1877 साली नानांना रावबहादुर हा किताब मिळाला, 1879 मध्ये ते निवृत्त झाले आणि 19 मार्च 1884 रोजी त्यांचे निधन झाले. डेक्कन कॉलेजातल्या त्यांच्या शिष्यांपैकी बाळ गंगाधर टिळक यांनी गुरूंचे गणित सोडले नाही. ताऱ्यांच्या स्थानावरून वेदांचा काळ ठरवणारा टिळकांचा ‘ओरायन’ 1893 साली निघाला, आणि त्याच वर्षी सार्वजनिक गणेशोत्सवालाही सुरुवात झाली. सांगलीला 1920 साली ज्योतिष परिषद भरली. रेवतीचे हे पंचांग तेव्हापासून टिळकांच्या नावाने चालले. पुढे सरकारने नेमलेल्या मेघनाद साहा समितीने चित्रा पक्ष धरला आणि बहुसंख्य महाराष्ट्र त्याच बाजूने राहिला.

तेव्हा नाना हरले असे म्हणायचे का? ताऱ्याच्या बाबतीत म्हणा हवे तर. आरंभबिंदू कुठला धरायचा हे शेवटी समाजाच्या संमतीने ठरते. पण ग्रह आकाशात जिथे दिसतो तिथेच पंचांगात असावा, ही त्यांची पहिली मागणी आज बहुतेकांनी मान्य केली आहे. आपल्या बिदर-गुलबर्गा भागात घराघरांत असणाऱ्या सोलापूरच्या दाते पंचांगातली ग्रहणाची वेळ आपण घड्याळ लावून पाहू शकतो आणि ती जुळते. चित्रा आणि रेवती या दोन्ही बाजू आता गणित आकाशाशी ताडूनच करतात.

एक गोष्ट राहिली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकाच्या सुया ढळणार, म्हणून कुलाब्याचे चुंबकीय काम दुसरीकडे हलवावे लागले. 1904 साली त्यासाठी जागा निवडली ती अलिबागची, नानांच्या नागावपासून काही मैलांवर. तिथे आजही चुंबकत्वाची नोंद होते. यंदा मूर्ती बसवताना पंचांग उघडाल तेव्हा नागावच्या या अध्यापकाचे एकदा स्मरण करावे.